प्रकाशाला खरेच कोणी मागे टाकले?

विहिरीवरची मोटार चालू होईना, की आपण आधी स्टार्टर उघडतो. पुष्कळदा एखादी तार ढिली निघते आणि मोटार जळाली म्हणून आपण उगीच घाबरलेले असतो. २०११ साली युरोपातल्या नामांकित शास्त्रज्ञांवरही असाच प्रसंग आला. फरक इतकाच, की त्यांच्या बाबतीत अख्ख्या पदार्थविज्ञानाचा पाया हलतो की काय, असे वाटू लागले होते.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. त्याच्यापुढे कोणालाच जाता येत नाही, हे आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. १९६४ साली अमेरिकेत बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉन या सूक्ष्म कणांना अधिकाधिक जोर देऊन पाहिला. पण त्यांचा वेग प्रकाशाच्या जवळ जाऊन तिथेच अडला.

न्यूट्रिनो हा त्याहूनही हलका कण. सूर्याकडून येणारे हजारो कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. खडकही त्यांना अडवत नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेतून हे कण जमिनीच्या पोटातून थेट इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली सोडले जात. अंतर ७३० किलोमीटर. डोंगराखाली 'ऑपेरा' नावाचे यंत्र त्यांची वाट पाहत असे.

कण निघाले कधी आणि पोचले कधी, हे तीन वर्षे मोजले. अंतर तर इतके काटेकोर, की २००९ च्या भूकंपाने जागा ७ सेंटिमीटर सरकली, तेही धरले होते. उत्तर आले, की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एवढ्या लांबच्या शर्यतीत कण प्रकाशाच्या १८ मीटर पुढे!

महिनोन्‌महिने चूक शोधली, सापडली नाही. शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी सगळे आकडे जगापुढे ठेवले आणि इतरांनी तपासावे असे सांगितले. गटातल्या काहींनी मात्र त्या लेखावर सही केली नाही.

शंकेला मोठे कारण होते. १९८७ साली सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूरचा एक तारा फुटला. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी आले, तेही ताऱ्याच्या पोटातून प्रकाशाला बाहेर पडायला वेळ लागला म्हणून. ऑपेराचा वेग खरा असता, तर ते चार वर्षे आधी यायला हवे होते.

अखेर २०१२ च्या सुरुवातीला दोष सापडला. उपग्रहाकडून आलेली वेळ डोंगराखाली नेणारी काचतंतूची एक केबल घड्याळाच्या यंत्रात नीट घट्ट बसलेली नव्हती. त्यामुळे प्रकाश कमी पोचे. नळाची धार बारीक झाली की हंडा उशिरा भरतो, तसा वेळेचा इशारा सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा मिळे. खालचे घड्याळ मागे पडले, म्हणून कण लवकर आल्याचे दिसले! दुसऱ्या एका घड्याळातला लहान दोष उलट बाजूचा होता. त्यानेच घोटाळा थोडा झाकला होता.

मार्चमध्ये गटाच्या दोन प्रमुखांनी राजीनामे दिले. मला ते जरा कठोर वाटते, कारण आमचे आकडे तपासा असे सांगणारे तेच होते. मे महिन्यात कण पुन्हा सोडले. त्या डोंगराखाली ऑपेरासह चार वेगवेगळ्या यंत्रांनी ते मोजले. एकाही यंत्रात न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे गेला नाही.