नौका पाहावी बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, या आपल्याकडील जुन्या म्हणीत तिसरे कलम घालण्याची पाळी फारशा मराठी गृहस्थांवर येत नाही. परंतु ज्यांच्यापाशी द्रव्य विपुल आणि समुद्राचा शौक त्याहूनही अधिक, अशा जगातील मोजक्या लोकांना, तयार मिळणारी कोणतीच नौका मनास न आल्यामुळे, स्वतःच्या इच्छेबरहुकूम यांत्रिक विहारनौका, म्हणजे मोटर यॉट, बांधून घेण्याचा मोह होतो, आणि तो सिद्धीस जाईपर्यंत अडीच-तीन वर्षे सहज निघून जातात. या काळात मालकाच्या अधिकाराचे जे होते ते मोठे बोधप्रद आहे. करारनाम्यावर सही होते त्या दिवशी तो सर्वसत्ताधीश असतो. नौका जसजशी आकारास येते तसतशी त्याची सत्ता आक्रसत जाते. आणि ती पाण्यात उतरते तेव्हा तिचे नाव आणि पडद्यांचा रंग यांपलीकडे त्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते. हा क्रम ज्याने आरंभीच ओळखला, त्याची नौका चांगली होते.

विहारनौका बांधण्याची ही विद्या इटलीत आहे, जर्मनीत आहे. पण तिचा जुना लौकिक हॉलंडचा. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा ॲमस्टरडॅम शहराने त्याला नजराणा म्हणून दिली ती ‘मेरी’ नावाची विहारनौकाच होती. दुसऱ्या महायुद्धाने देश विपन्न झालेला असता, अमेरिकन धनिकांच्या डॉलरांवर दृष्टी ठेवून काही डच बांधणीदारांनी १९४९ मध्ये ‘फेडशिप’ ही निर्यातसंस्था काढली; तिच्यातील द फ्रीस घराण्याचा कारखाना आल्समेर येथे आणि फान लेंट घराण्याचा लायडनजवळच्या काग बेटावर, म्हणजे दोन्ही खुल्या समुद्रापासून आत, गोड्या पाण्याच्या सरोवरांकाठी. समुद्रावर जायच्या नौका अशा ठिकाणी का बांधाव्यात, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर एवढेच, की कारागिरांच्या पिढ्या तेथे वसल्या, आणि पिढ्या हलवण्यापेक्षा नौका ओढत नेणे सोपे.

लोखंडाला हात लागण्यापूर्वी सगळी नौका कागदावर बांधून व्हावी लागते. नौकेचे अंग आणि यंत्रे यांची जबाबदारी नौकास्थापत्यकाराची, बाह्य रूपाची व दालनांच्या सजावटीची रचनाकारांची, आणि या सर्वांवर मालकाच्या वतीने नजर ठेवण्याची त्याच्या मुखत्याराची, जो बहुधा जुना कप्तान किंवा अभियंता असतो. त्यांच्या विचारविनिमयातून शेकडो पृष्ठांचे तपशीलपत्र निघते आणि ते कराराला जोडले जाते. यंत्रे पूर्ण चालत असता शयनगृहात किती डेसिबल आवाज चालेल, वेग किती नॉट मिळालाच पाहिजे, तळ पाण्यात किती बुडावा, हे सारे त्यात आकड्यांनी नमूद असते, आणि आकडा चुकला किंवा मुदत टळली तर नुकसानभरपाई कशी मोजावी तेही. पैसा हप्त्यांनी द्यायचा, आणि प्रत्येक हप्ता कामाच्या एकेका टप्प्याशी बांधलेला: सही झाली, कणा घातला, सांगाडा पुरा झाला, यंत्रे बसली, नौका पाण्यात उतरली. कारखाना मध्येच बुडाला तर दिलेला पैसा परत मिळावा म्हणून शहाणा मालक बँकेची हमी मागून घेतो.

याच वेळी एक असा आकडा ठरतो, की जो मालकाने मागितलेला नसतो, पण त्याच्या सगळ्या इच्छांवर हुकूम चालवतो. नौकेचे ‘सकल टनेज’ म्हणजे तिचे वजन नव्हे. ते तिच्या आतील बंदिस्त पोकळीचे माप आहे, आणि १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सूत्राने ते काढतात. हे माप ५०० झाले, म्हणजे पोकळी सुमारे १,९०० घनमीटर भरली, की अग्निसंरक्षणाचे, जीवरक्षणाचे आणि कर्मचाऱ्यांच्या अर्हतेचे नियम एकदम कडक होतात. म्हणून ५० मीटरच्या आगेमागे लांबी असलेल्या अनेक विहारनौका नेमक्या ४९९ वर थांबलेल्या दिसतात. वरच्या मजल्यावर एक खोली वाढवावयाची तर दुसरीकडे कोठे तरी तितकीच कापावी लागते. त्यात २०२१ पासून आणखी एक भर पडली. त्या वर्षापासून बांधलेल्या, २४ मीटर व त्याहून लांब विहारनौकांना, टनेज ५०० हून कमी असले तरी, उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या संरक्षित जलक्षेत्रात फिरायचे असल्यास इंजिनाच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड फार खाली आणावे लागतात; त्यासाठी लागणारी युरियाची टाकी आणि धूर शुद्ध करणारी भली मोठी पेटी या मालकाच्या ऐसपैस यंत्रशाळेतच जागा मागतात.

आकारमानानंतर वेगाचा निकाल लागतो, आणि तोही मालकाच्या मर्जीने नव्हे. हॉलंडातच वाखेनिंगेन गावी १९३२ पासून नौकांच्या चाचण्यांसाठी एक जलकुंड आहे; त्याची लांबी सुमारे २५० मीटर. नौकेची प्रतिकृती त्यात सरकत्या गाड्याखाली ओढतात आणि पाणी तिला किती विरोध करते ते मोजतात. प्रतिकृतीवरून मूळ नौकेचा हिशेब करण्याची युक्ती विल्यम फ्रूड या इंग्रजाची. प्रतिकृती पंचवीसपट लहान असेल तर तिला वेग पंचवीसपट नव्हे, पाचपट कमी द्यावा, म्हणजे दोघींच्या लाटा सारख्या उठतात, असे त्याने दाखवले. जलरेषेवर ५० मीटर भरणारी नौका १७ नॉटच्या सुमारास स्वतःच उठवलेल्या लाटेच्या दरीत सापडते. पुढे वाढवलेले इंजिन बहुतांशी ती लाट चढण्यातच खर्ची पडते. त्याच्या अलीकडेही हिशेब महागच. १२ नॉटवरून १५ वर जाण्यास शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. वीस नॉटची स्वप्ने पाहत आलेले मालक चाचणीचे आलेख पाहून चौदावर राजी होतात, ते उगीच नव्हे.

मग पोलाद कापले जाते, कण्याखाली शुभशकुनाचे नाणे ठेवले जाते, आणि मालकाच्या भेटी सुरू होतात. त्याला पाहण्यासारखे बरेच असते. अंग पोलादाचे, कारण ते आघात सोसते. वरचे मजले ॲल्युमिनियमचे, कारण माथ्यावर भार नको. पण या दोन धातूंची सरळ सोयरीक होत नाही: दोन्ही एकमेकांना नीट वेल्ड होत नाहीत, आणि खारे पाणी मध्ये शिरले की त्यांची विद्युतघटासारखी अवस्था होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. यासाठी दोन्ही धातूंचे पत्रे स्फोटाच्या धक्क्याने एकमेकांत घट्ट बसवून केलेली पट्टी मध्ये घालतात. तिच्या पोलादी बाजूला पोलाद वेल्ड होते, ॲल्युमिनियमच्या बाजूला ॲल्युमिनियम. तयार नौकेत ती रंगाखाली झाकली जाते, आणि पाहुण्यांपैकी कोणालाही तिचा पत्ता लागत नाही.

त्याहून चिकाटीचे काम रंगाऱ्यांचे. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याला सूक्ष्म वळ्या पडतात आणि चकचकीत रंगात त्या आरशातल्यासारख्या दिसतात; म्हणून सगळ्या अंगावर इपॉक्सीची पुट्टी भरून, लांबलचक लवचीक फळीला काचकागद लावून, माणसे ती तिरकस दिशांनी महिनोगणती घासत राहतात. डेकवर सागवानी फळ्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे; तेव्हा समुद्रावर साग का हवा, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको.

मालकाची परीक्षा होते ती याच टप्प्यावर. उभ्या सांगाड्यात हिंडताना त्याला वाटते, की वरच्या मजल्यावरील साधे स्नानपात्र काढून तेथे संगमरवरी घालावे. मागणी क्षुल्लक, परंतु ते वजन उंचावर पडते, गुरुत्वमध्य वर सरकतो, स्थैर्याचे गणित पुन्हा मांडावे लागते, खालचे पत्रे बळकट करावे लागतात, तेथून गेलेल्या नळ्या आणि तारा फिरवाव्या लागतात, नौकेची बांधणी तपासून मान्यता देणाऱ्या वर्गीकरणसंस्थेची संमती नव्याने घ्यावी लागते. अशा प्रत्येक फेरबदलाचा स्वतंत्र आदेशकागद होतो, आणि त्यावर मुखत्यार दोन रकाने भरायला लावतो: वाढीव किंमत आणि वाढीव दिवस. पहिल्या रकान्याला धनिक डरत नाही. दुसरा वाचून मात्र अनेकांचा हात थबकतो.

शेवटी प्रवास. आल्समेर वा काग येथून नौका अरुंद कालव्यांतून, उघडत्या पुलांखालून, दोन्ही बाजूंना हातभर जागा राखत ओढत न्यावी लागते. रुंदीची मर्यादा म्हणूनच ठरलेली असते, आणि तिच्यात न बसणारी नौका मकुम किंवा ॲमस्टरडॅमच्या कारखान्यात बांधतात. पैशापुढे पूल वाकत नाहीत, हे २०२२ मध्ये जगाने पाहिले. ‘ॲमेझॉन’चे संस्थापक जेफ बेझोस यांच्यासाठी बांधलेल्या १२७ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेला वाट मिळावी म्हणून रॉटरडॅमच्या १९२७ सालच्या ‘द हेफ’ पुलाचा मधला भाग तात्पुरता काढण्याचा विचार निघाला. नागरिक नासकी अंडी घेऊन उभे राहण्याच्या गोष्टी बोलू लागले. विचार सोडून देण्यात आला, आणि नौका डोलकाठ्यांवाचून दुसऱ्या वाटेने नेण्यात आली. पुढे उत्तर समुद्रावर चाचण्या होतात: प्रवाहाचा परिणाम फिटावा म्हणून तोच पल्ला दोन्ही दिशांनी धावून वेग मोजतात, भर वेगात यंत्रे उलटी फिरवून नौका किती अंतरात थांबते ते पाहतात, शयनगृहांत आवाजमापक ठेवतात, आणि मग कराराशी रुजुवात होऊन कबजा दिला जातो.

तेव्हा कोणास ही हौस असेलच, तर त्याने आधी दुसऱ्यांच्या नौका भाड्याने घेऊन एक-दोन उन्हाळे समुद्रावर काढावेत, आपल्याला खरोखर काय हवे ते कागदावर मांडावे, चांगला मुखत्यार नेमावा, आणि मगच सही करावी. सहीनंतर लहर पालटू देऊ नये. कर्मचारी, इंधन, विमा आणि डागडुजी यांसाठी दरसाल नौकेच्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा बाजूला ठेवावा, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. तो ज्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही, त्याने नौका भाड्यानेच घ्यावी.