आगमनकाळ आणि नाताळ : एपिस्कोपल चर्चमधील उपासना

नाताळ म्हणजे २५ डिसेंबर, हा आपला सर्वसाधारण समज. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये मात्र त्यापूर्वीचे चार रविवार प्रतीक्षेचे असतात. त्यांना ‘आगमनकाळ’ म्हणतात आणि चर्चचे वर्षही तेथूनच सुरू होते. तेथील बाजारपेठ नोव्हेंबरातच नाताळगीतांनी दुमदुमू लागते. उपासनेत मात्र ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत या रविवारी गायिले जात नाही. वेदीवर जांभळे किंवा निळे वस्त्र आणि हिरव्या पर्णचक्रात दर रविवारी एक अधिक मेणबत्ती, एवढीच शोभा. हा संयम पाळणे सोपे नसावे! २४ डिसेंबरच्या रात्री शुभ्र वस्त्रे येतात, थोपवून धरलेले स्तुतिगीत घुमते आणि बारा दिवसांचा नाताळ सुरू होतो. दुकानांतील सजावट उतरते, तेव्हाही चर्चमध्ये सण चालूच असतो. ६ जानेवारीला येशूच्या प्रकटीकरणाचा सण येईपर्यंत.