ठेक्यांचा मेळ

भिंतीवरील दोन घड्याळें एकमेकांची चाल ओळखतात, असें कोणीं सांगितल्यास वाचकांस तें खरें वाटणार नाहीं. परंतु इ. स. १६६५ मध्यें हॉलंड देशांत असेंच घडलें. लंबकाच्या घड्याळाचे जनक ख्रिस्तियान हायगेन्स हे आजारी पडले होते. एकाच लाकडी आधारास टांगलेल्या दोन घड्याळांकडे पाहत असतां त्यांस दिसलें कीं, एक लंबक डावीकडे जातो त्याच क्षणीं दुसरा उजवीकडे जातो. मुद्दाम हा मेळ मोडला, तरी अर्ध्या तासांत तो पुन्हा जमे. घड्याळें दूर नेलीं कीं नाहींसा होई. प्रत्येक लंबक आधारास नजरेस न येणारा धक्का देत होता व तोच दुसऱ्यास पोंचत होता.

स्वतःचा ठेका असलेल्या वस्तू परस्परांशीं किंचित् जोडल्या गेल्या, तरी त्यांचे ठेके जुळूं शकतात. आपल्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत हजारों पेशींचा एक पुंजका आहे. त्या पेशी एकमेकींस सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें जोडलेल्या आहेत. त्यायोगें मंद पेशी थोडी त्वरा करिते, शीघ्र पेशी थोडी सबुरी धरिते, आणि सर्वांचा मिळून एकच ठोका पडतो.

मेंदूची गोष्ट मात्र निराळी. तेथें मज्जापेशींचे लहान लहान समूह क्षणभर जुळतात व पुन्हा सुटतात. या जुळण्या-सुटण्यावरच विचार, स्मरण व हालचाल चालते. जर्मनीचे हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या, तेव्हांपासून हें पाहणें शक्य झालें. असंख्य पेशी प्रमाणाबाहेर एकाच ठेक्यांत अडकल्या, म्हणजे कित्येकदां शरीर ताठ होतें, आंचके येतात व शुद्ध हरपते. यासच आपण फेफरें म्हणतों.

तेव्हां ही बाहेरची बाधा नव्हे, कोणाच्या पापाचें फळही नव्हे, आणि हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. अशा वेळीं कांदा किंवा जोडा हुंगवूं नये, तोंडांत कांहीं घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. डोक्याखालीं मऊ वस्त्र द्यावें, आंचके थांबतांच कुशीवर वळवावें, आणि झटका पांच मिनिटांहून अधिक चालल्यास त्वरित रुग्णालयांत न्यावें. नियमित औषधानें बहुतेकांचे झटके आटोक्यांत राहतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें बंद करूं नये.

आमची पालकांस विनंति आहे कीं, अशा मुलास शाळेंतून काढूं नये. आणि विद्यार्थ्यांस ही कीं, बांकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवूं नये.