सांध्याचा दिवा खोटं बोलला तर? मॉडेल रेल्वेचं पॅनेल बनवताना

या आठवड्याच्या व्हिडिओत पॅनेलची वायरिंग दाखवली आहे, पण कॅमेऱ्यासमोर घाईत एक गोष्ट नीट सांगायची राहिली. ती इथे लिहितो, कारण पैसे तिथेच बुडतात.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते पाहून घरी एचओ, म्हणजे १:८७ मापाची रेल्वे मांडणारे हौशी लोक भेटतात. त्यांना पॅनेल करून देणं हे घरबसल्या जमणारं काम आहे. पण गिऱ्हाईक दिव्यांचे पैसे देत नाही. हिरवा लागला म्हणजे गाडी बिनधास्त सोडायची, या भरवशाचे पैसे देतो.

माझं पहिलंच पॅनेल परत आलं होतं. मी एलईडी थेट टॉगल स्विचवर जोडले होते. स्विच टाकला की हिरवा लागायचा, सुंदर दिसायचं. एके दिवशी टेबलाखाली मोटरची वायर सोल्डरमधून सुटली. स्विच टाकला, हिरवा लागला, सांधा जागचा हललाच नाही. इंजिन भलत्याच रुळावर गेलं आणि उभ्या डब्यांवर आदळलं. दुरुस्ती मी भरली. माझा दिवा सांध्याची नाही, स्विचची खबर देत होता!

म्हणून दर सांगण्याआधी विचारा, "सांध्याला मोटर कोणती?" सर्किट्रॉनच्या टॉर्टॉइजसारखी सावकाश फिरणारी मोटर असेल तर तिच्यात आतच जादा कॉन्टॅक्टचे दोन संच असतात. एक बहुधा फ्रॉगच्या वीजपुरवठ्याला जातो. दुसरा रिकामा असेल तर तो तुमचा. खटकन उडणारी कॉइलची मोटर असेल तर कॉन्टॅक्ट आहेत का ते उघडून बघा. नसतील तर मायक्रोस्विच वेगळा बसवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. हे आधी बोला, नंतर तोंड उघडायला जड जातं.

आता जोडणी. १२ व्होल्ट डीसीचा वेगळा अडॅप्टर घ्या, गाडीच्या कंट्रोलरवरून दिवे चालवू नका. लाल आणि हिरव्या एलईडीचे लांब पाय एकत्र करा, त्यांना एकच रेझिस्टर लावा आणि तिथून प्लस. दोन्ही आखूड पाय दोन वेगळ्या वायरींनी मोटरच्या दोन कडेच्या कॉन्टॅक्टवर न्या. मधला, म्हणजे कॉमन, मायनसला. एका वेळी एकच दिवा लागतो म्हणून एक रेझिस्टर पुरतो. दोन्ही एकदम लागणार असतील तर दोन हवेत, नाहीतर लाल सगळा करंट खाईल आणि हिरवा मरगळेल.

रेझिस्टर किती? लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. १२ मधून २ गेले, उरले १०. करंट १० मिलिअँपिअर धरला तर १००० ओहम, म्हणजे १ के. पण हल्लीचे एलईडी एवढ्यावर डोळ्यांत घुसतात. मी २.२ के लावतो, पाव वॉटचा. रात्री दिवे मालवून गाडी चालवणारं गिऱ्हाईक दुवा देतं.

काही जण मोटरच्याच वायरीत एलईडी सिरीजमध्ये टाकतात. टॉर्टॉइज टोकाला अडून थांबली तरी सुमारे १५ मिलिअँपिअर घेत राहते, म्हणून ते जमतं आणि वायर सुटली तर दिवाही विझतो. पण मोटर मध्येच अडकली तरी दिवा लागलेलाच राहतो. स्वस्त आहे, मी देत नाही.

आणि एक प्रामाणिकपणे सांगायचं. आतला कॉन्टॅक्ट मोटरची खबर देतो, रुळाच्या पात्याची नाही. पात्यात खडीचा दाणा अडकला तर मोटर फिरते, तिची तार वाकते आणि पातं उघडंच राहतं. खऱ्या रेल्वेत म्हणूनच पातं जागेवर बसलंय का हे वेगळं तपासलं जातं. गिऱ्हाइकाला हे पॅनेल देतानाच सांगा.

प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा, नंबरांचा कागद झाकणाच्या आत लावा. दर पॅनेलमागे नको, सांध्यामागे लावा. टेबलाखाली उताणं पडून केलेली वायरिंग आणि सुट्या भागांची किंमत यांची तुलनाच होत नाही. एलईडी, रेझिस्टर काही रुपयांत येतात, तुमची मान तेवढ्यात येत नाही.