ई-क्लास म्हणजे ओसाड नव्हे

खामगावहून बुलडाण्याला जाताना बोथ्याचा घाट लागला की लोक खिडकीबाहेर पाहू लागतात. 2019 साली रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत या घाटातल्याच ज्ञानगंगा अभयारण्यात आला. तेव्हापासून तर जिल्ह्यातलं वन्यजीवन म्हणजे हा घाट, असंच डोक्यात बसलंय. घाटाअलीकडचा ई-क्लासचा, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीचा माळ आणि मन, ज्ञानगंगा या नद्यांचं उन्हाळी पात्र मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. आपल्या भागातले सर्वांत अडचणीत सापडलेले पक्षी तर तिथलेच.

गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, हा गैरसमज सरकारी नकाशांतही उतरलेला आहे. म्हणूनच कुठे सौर प्रकल्प, कुठे वृक्षलागवड, कुठे अतिक्रमण, सगळ्यांना ई-क्लासच सापडतो. खरं तर कमी पावसाच्या, मुरमाड, उथळ जमिनीवर गवत हीच निसर्गाची पूर्ण वाढ असते. धाविक, माळटिटवी, पखुर्डी, चंडोल हे पक्षी घरटं उंचावर बांधत नाहीत. मुरमातला किंवा गवतातला एक खळगा त्यांना पुरतो. चहूबाजूंनी लांबवर दिसणं हीच त्यांची राखण. अशा माळावर झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळ्याला अंडी हेरायला उंच जागा मिळते आणि खालची उघडी जमीन सावलीत जाते. माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालेल्या सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातही ग्लिरिसिडियाची लागवड झाली होती. झाड लावणं पुण्याचंच आहे, पण ते गावठाणात, बांधावर, रस्त्याकडेला लावावं. माळावर नाही.

तणमोराचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उसळी मारतो आणि पुन्हा गवतात उतरतो, अशा दिवसाला शेकडो उड्या. मादी तिथेच जमिनीवर तीन-चार अंडी घालते. 2021 साली हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरला. शेजारच्या अकोला-वाशीमच्या माळांवर त्याच्या नोंदी आहेत. तिथे संवेदना ही संस्था फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन गवताळ माळ राखण्याचं काम करते. 'पारधी म्हणजे शिकारी, त्याला पक्ष्यापासून लांबच ठेवा' हे म्हणणं इथे उलटं पडतं. पक्षी कोणत्या गवतात बसतो, कधी येतो, हे त्यांच्याइतकं फारच थोड्यांना माहीत असतं.

गुरं पूर्ण बंद करा, असंही ऐकू येतं. तेही चूक. चराई अजिबात थांबली की गवत जुनं होऊन दाटतं आणि काटेरी झुडपं माजतात. जनावरं आवरायची ती पावसाळ्यात, अंडी-पिल्लं खाली असताना. गवत पिकल्यावर कापणी-चराई चालते.

नदीबाबतचा समज मला जास्त टोचतो: पात्र कोरडं, म्हणजे रिकामं. मार्च ते जूनदरम्यान वाळूच्या पट्ट्यांवर आणि गोट्यांमध्ये टिटवी, आर्ली, लहान चिखल्या, पाणी टिकून असलेल्या ठिकाणी नदी सुरय, हे अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूत इतका मिसळतो की ट्रॅक्टरवाल्याला ती दिसणं शक्यच नाही. तलाव-नाल्यांतला गाळ काढून तो महामार्गाच्या भरावाला वापरायचा 'बुलडाणा पॅटर्न' देशभर गाजला. पाणी साठवायला ते काम हवंच, त्याच्या विरोधात मी नाही. पण नाला एका मापात खरडला की वाळूचा उंचवटा, काठचं लव्हाळं, वाकणातला डोह, सगळं एकसारखं होऊन जातं. खोलीकरणाच्या आराखड्यात असा एखादा तुकडा न खरडता सोडणं अवघड नाही.

'पक्षीच ते, उडून दुसरीकडे जातील' असं उत्तर यावर हमखास मिळतं. टिटवीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत चालू लागतं, उडायला मात्र त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. तो काळ बहुतेकदा मे-जूनचा, म्हणजे नदीत यंत्रं उतरण्याचाच असतो.