गच्चीवरची चूल (भाग ६) : धूर स्वस्त, आच महाग

थंडी पडली की सुरतेत अडाजणला पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, सुरू होतो, वलसाडकडच्या हमरस्त्यावर उबाडियूची मडकी उपडी पडतात आणि लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या खानदेशी घरांत गावाहून भरिताची वांगी येऊन पडतात. मग प्रश्न येतो तो असा : वीस-पंचवीस माणसांचं भरीत एका दमात करायचंय, त्याच विस्तवावर आठवड्याचं पनीर नाहीतर कोंबडीही उरकायचीय, तर ऑनलाइन दिसतो तो स्मोकर घ्यावा का? गेल्या आठवड्यात आपण कोळसा पाहिला, या वेळी भांडं पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे आचेसाठी मोजा, धुरासाठी नको. धूर मूठभर लाकडातही मिळतो.

आपण ज्याला सरसकट ‘धुराची चव’ म्हणतो त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. उबाडियूचंच बघा. मडक्यात पापडी, कंद, रताळी भरतात, कलार-कंबोईचा पाला कोंबून ते उपडं घालतात आणि बाहेरून जाळ लावतात. आत पाण्याचा थेंब नसतो, भाज्या आपल्याच वाफेवर शिजतात. धूर आत फारसा शिरतच नाही. चव असते ती पाल्याची, ओव्याची आणि मडक्याला टेकून करपलेल्या सालीची. रायगडातल्या पोपटीचंही तेच, फक्त तिथे पाला भांबुर्डीचा. याउलट स्मोकरमध्ये जाळ नसतोच. लाकूड धुमसत ठेवायचं, त्यातलं लिग्निन फुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी सुवासिक द्रव्यं सुटतात आणि ती पदार्थाच्या ओल्या पृष्ठभागावर चिकटतात. पृष्ठभाग सुकला की धूर धरणं कमी होतं, म्हणून सगळी कमाई सुरुवातीच्या तासा-दोन तासांतली. नंतर लाकूड घालत राहिलात तर पदरी कडूपणा येतो. पांढरा, दाट, डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे लाकडाला हवा कमी पडतेय. निळसर, जेमतेम दिसणारा धूर चांगला.

आता भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते वांगं भाजायची रीत मानांकनाच्या कितीतरी आधीची. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या रचतात, वर वांगी मांडतात आणि पेटवून देतात. पऱ्हाटी भसकन पेटते, उंच ज्वाळा देते आणि लवकर विझते. तेवढ्यात साल काळी ठिक्कर होऊन तडकते, देठाशी रस उकळू लागतो, आणि आतला गर साल धरून ठेवते म्हणून करपत नाही. मग देठ धरून साल ओढायची आणि गर बडगीत घालून ठेचायचा. हे सगळं काम जळत्या ज्वाळेचं आहे. घरगुती इलेक्ट्रिक स्मोकर बहुतेक १३५ अंश सेल्सियसच्या आसपास थांबतो. त्यात वांगं ठेवलं तर ते मऊ होईल, सुरकुतेल, पण साल काही फुटणार नाही. धुराचा वास असलेलं उकडलेलं वांगं मिळेल, आणि सासरची मंडळी ते एका घासात ओळखतील.

म्हणून ज्यांच्या घरी भरीत हा मुख्य कार्यक्रम आहे त्यांनी कपाटासारखा स्मोकर घेऊ नये. झाकणाची गोल सिगडी घ्यावी. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रातल्या बोयाचा गोळा अर्धा कापून अशी सिगडी केली, वेबर कंपनीचा जन्म त्यातून झाला. तिच्यात खाली आणि झाकणावर अशा दोन झडपा असतात, आणि सगळी कमाल त्या झडपांची आहे. दोन्ही उघड्या ठेवल्या तर तीव्र आच मिळते, वांगी भाजा. वांगी उतरवली की निखारे एका बाजूला सारायचे, आंब्याच्या लाकडाचे दोन ठोकळे त्यावर ठेवायचे, पनीर किंवा कोंबडी दुसऱ्या बाजूला, झाकण लावायचं आणि खालची झडप बोटभर उघडी सोडायची. वरची पूर्ण बंद करू नका, नाहीतर तोच पांढरा धूर कोंडून पदार्थ काजळीसारखा कडू होतो. एकाच भांड्यात आधी ज्वाळा, मग धूर, अशी दोन्ही कामं होतात.

किती मावेल हा हिशेब दुकानदार लिटरमध्ये सांगतो. तो ऐकून घ्या आणि सोडून द्या. मोजायचं ते जाळीचं क्षेत्रफळ, कारण पदार्थ एका थरात आणि मध्ये बोटभर फट ठेवून मांडावा लागतो. ५७ सेंटीमीटरच्या गोल सिगडीत मोठी वांगी डझनभर बसतात. पंचवीस माणसांना दोन घाणे काढावे लागतील, आणि भाजायचा वेळ थोडा असल्यामुळे ते जमतं. कोंबडीचं तसं नाही, तिला तास-दीड तास लागतो, तिथे एकावर एक जाळ्या लागतात. घानामध्ये अक्रा शहराजवळच्या चोरकोर वस्तीतली मासळी धुरावणाऱ्या बायकांची भट्टी या बाबतीत बघण्यासारखी आहे. मातीची चौकोनी भट्टी आणि तिच्यावर लाकडी चौकटीच्या जाळ्यांची चळत. वरच्या जाळ्या खालच्यांना झाकण होतात, आणि अधूनमधून त्यांची अदलाबदल केली की सगळा माल सारखा होतो. पुढे त्यातच सुधारणा करून सेनेगलमध्ये माशांची चरबी निखाऱ्यावर पडू न देणारी भट्टी निघाली, कारण चरबी निखाऱ्यावर जळली की बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यं तयार होऊन धुराबरोबर पदार्थावर बसतात. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच : मांसाखाली पाण्याचं पसरट ताट असेल असं भांडं निवडा. वांग्याला ताटाची गरज नाही.

मोठ्या कुटुंबाला दोन-तीन जाळ्यांचा उभा ड्रम परवडतो, आणि तो उधन्याच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात करून घेता येतो. इथे मात्र सुरतेची म्हणून एक खास धास्ती आहे. भंगारात स्वस्त मिळणारे ड्रम बरेचदा डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांतून आलेले असतात, त्यात काय भरलं होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आतून जाळून घेतला म्हणजे शुद्ध झाला, हा समज मनातून काढून टाका. दोन-तीन मिलिमीटरचा नवा, साधा लोखंडी पत्रा घ्या. गॅल्व्हनाइज्ड नको. जस्त तापलं की त्याचा धूर ताप आणतो, वेल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. पातळ पत्रा इथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजतो, आणि गंजण्याआधीही आच धरून ठेवत नाही. आचेसाठी पैसे मोजा म्हणालो ते या जाडीसाठी.

लाकडाचंही असंच. हजीऱ्याकडून येणारे पॅकिंगचे पॅलेट, प्लायवुडचा भुसा, रंगवलेली फळी, सगळं वर्ज्य. गिरण्यांच्या बॉयलरमध्ये जाणारा ‘व्हाइट कोल’ पेलेट स्मोकरमध्ये जळणाऱ्या कांड्यांसारखाच भुसा दाबून केलेला असतो, स्वस्तही असतो, पण तो बॉयलरसाठीच आहे. पेलेट स्मोकर घेतलात तर खाण्यासाठीच्या कांड्या कायमच्या बाहेरून मागवाव्या लागतील, म्हणून मी तो सुचवत नाही. नवसारी-वलसाडकडच्या आंब्या-चिकूच्या बागांत छाटणी होते, तिथली वाळलेली फांदी आणा. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर फवारणी झालेली असते, तेव्हा निवड असेल तर तुराट्या बऱ्या.

अमेरिकेतल्या भाच्याने आणलेल्या इलेक्ट्रिक स्मोकरबद्दल : तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावलात तर पहिल्याच दिवशी राम म्हणेल. ट्रान्सफॉर्मर घेऊन पनीर, शेंगदाणे, मीठ धुरावायला तो छान आहे.

आणि हे सगळं गच्चीवरच. काच सरकवून बंद केलेली गॅलरी म्हणजे खोलीच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उत्तरायणाला गच्ची भरलेली असते, तेव्हा वाऱ्याची दिशा बघा. शेजाऱ्याचे कपडे आणि सोलर पॅनेल काजळले तर सोसायटीचं पत्र ठरलेलंच. शाकाहारी बिऱ्हाड एकत्र असेल तर वांग्याची जाळी वेगळी ठेवा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

उरलेली गोष्ट साठवणीची. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. टोचणीचा थर्मामीटर घ्या आणि कोंबडीच्या मांसात आतून ७४ अंश झाल्याशिवाय ती उतरवू नका. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये असा नियम आहे. हवा ३२ अंशांवर गेली की तो एक तासाचा होतो, आणि सुरतेत दुपारी वर्षातला बराच काळ एक तासच समजून चालावं. पातेलंभर गर तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यांत उथळ भरा, झाकण घट्ट लावा, नाहीतर सकाळच्या दुधाला भरिताचा वास. आणि भरीत कालवून ठेवू नका. ठेवायचा तो नुसता ठेचलेला गर. मिरची-लसणाची फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात हे ज्या दिवशी कळण्याच्या पुऱ्या होतील त्याच दिवशी.

पुढच्या भागात झडपा आणि राख : एकदा पेटवलेली सिगडी चार तास एका आचेवर कशी धरायची.