हे नक्की काय मोजतंय? : अग्निशमन दलाच्या भरतीतून समजलेली वैधता

मागच्या प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी प्रश्नावली हातात घेतली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण हे नक्की काय मोजतंय?" मी तयारीत होते. लगेच क्रोनबॅक अल्फाचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "तो मी विचारलाच नाही."

त्या दिवशी काय चुकलं हे कळायला मला बरेच दिवस लागले, म्हणून ही पोस्ट. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत आपण 'विश्वसनीयता' आणि 'वैधता' (काही पुस्तकांत 'सप्रमाणता') एका दमात पाठ करतो. अल्फा पहिल्या शब्दाचा आहे. तो एवढंच सांगतो की तुमचे प्रश्न एकमेकांशी जुळवून बोलतायत. सगळे मिळून चुकीचंच बोलत असतील तरी अल्फा झकास येतो! वैधता वेगळी, आणि व्याख्येवरून ती मला कधीच समजली नव्हती. समजली ती अमेरिकेतल्या शहरी अग्निशमन दलांच्या भरतीबद्दल वाचताना.

आधी ही नोकरी मिळते कशी ते बघू. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत अग्निशमन दलाचा जवान म्हणजे एकाच अंगात दोन माणसं असतात. तो आग विझवतो आणि तोच ईएमटी, म्हणजे आणीबाणीत पहिली वैद्यकीय मदत करणारा तंत्रज्ञही असतो. कुणाला हार्ट अटॅक आला, कुणी जिन्यावरून पडलं, की फोन लागतो आणि लाल गाडी दारात येते. सिएटल शहराने तर 1970 च्या सुमारासच जवानांना हॉस्पिटलमध्ये शिकवून पॅरामेडिक बनवायला सुरुवात केली. लिओनार्ड कॉब नावाचे हृदयरोगतज्ज्ञ आणि दलाचे प्रमुख गॉर्डन विकरी यांनी मिळून ते सुरू केलं. (न्यूयॉर्कमध्ये मात्र रुग्णवाहिका सेवा 1996 साली अग्निशमन दलात आली आणि तिथे दोन्ही कामांची माणसं अजून वेगळी आहेत.)

उमेदवाराला साधारणपणे लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि मग अ‍ॅकॅडमीचं प्रशिक्षण यांतून जावं लागतं. ईएमटीचा कोर्स दीडशे तासांच्या पुढचा. पॅरामेडिक व्हायचं तर हजार तासांच्या वर, शिवाय हॉस्पिटलमधली ड्युटी वेगळी.

शारीरिक चाचणीत बऱ्याच शहरांत सीपॅट नावाची चाचणी चालते. आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानावर पोरं पळतात, गोळा फेकतात, तसं इथे नाही. अंगावर 50 पौंडांचं, म्हणजे साधारण 23 किलोंचं जॅकेट चढवायचं. जिना चढण्याच्या टप्प्यात खांद्यांवर आणखी 25 पौंड येतात, आणि यंत्राच्या जिन्यावर मिनिटाला 60 पायऱ्या या वेगाने तीन मिनिटं चढायचं. मग पाण्याचा होज ओढणं, अवजारं उचलून नेणं, शिडी उभी करणं, घणाने दार फोडण्याची नक्कल, अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जाणं, 165 पौंडांचा पुतळा ओढून आणणं आणि शेवटी छत फोडून खाली ओढणं. आठ कामं, सलग, 10 मिनिटं 20 सेकंदांत. दोन कामांच्या मध्ये पळायला बंदी, चालतच जायचं. निकाल फक्त पास किंवा नापास. पहिला आला, दुसरा आला, असला प्रकारच नाही.

पळायला बंदी का, आणि नंबर का नाहीत? त्यामागे न्यूयॉर्कसारख्या शहरांत कोर्टात झालेली लढाई आहे.

1970 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या दलाची परीक्षा पहिल्यांदा स्त्रियांना खुली झाली. शारीरिक चाचणीत त्या सगळ्याच्या सगळ्या नापास झाल्या. त्यांच्यातली ब्रेंडा बर्कमन कोर्टात गेली. न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी 1982 मध्ये निकाल दिला की या चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध शहराला दाखवता आलेला नाही. चाचणी बदलली आणि त्याच वर्षी चाळीसहून अधिक स्त्रिया दलात आल्या. इथपर्यंतची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. पुढचा वाद मला जास्त आवडतो. नंतरच्या परीक्षेत वेगाला जास्त गुण होते. बर्कमनच्या बाजूचं म्हणणं होतं की जवानाला वीस मिनिटं दम राखून काम करावं लागतं, तुम्ही मोजताय दोन मिनिटांची झडप. शहराचं म्हणणं, आगीत सेकंदाला किंमत असते. सिफ्टन यांना पहिलं पटलं, पण 1987 मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं.

कोण बरोबर हे बाजूला ठेवा. भांडण कशावरून आहे ते बघा. दोन्ही बाजू 'शारीरिक क्षमता' हाच शब्द वापरतायत. एकीच्या मनात दम आहे, दुसरीच्या मनात वेग. माझ्या प्रश्नावलीत 'अभ्यासातली गुंतवणूक' असा शब्द होता, आणि मी नेमकं काय धरलं होतं ते मलाच धड सांगता आलं नाही.

आता लेखी परीक्षा. न्यूयॉर्कने 1999 आणि 2002 साली दोन परीक्षा घेतल्या. तेव्हा शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय लोक चौथ्या हिश्शाच्या आसपास, आणि दलात तीन टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेच्या केंद्र सरकारने शहरावर खटला भरला, कृष्णवर्णीय जवानांची व्हल्कन सोसायटीही त्यात आली. तिथला कायदा 1971 च्या ग्रिग्ज खटल्यापासून असं म्हणतो की एखाद्या परीक्षेत एका समाजगटाची माणसं फार मोठ्या प्रमाणात गळत असतील, तर परीक्षा कामाशी संबंधित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. हेतू वाईट होता की नाही, हा प्रश्नच पुढे येत नाही.

न्यायाधीश निकोलस गराउफिस यांनी 2009 मध्ये शहराच्या विरोधात निकाल दिला. तो मी संशोधन पद्धतीच्या पुस्तकासारखा वाचला. त्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली कटऑफची. 1999 च्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला 84.705 गुण लागत होते. आकडा बघून वाटतं, काय काटेकोर मोजमाप आहे! प्रत्यक्षात 85 प्रश्नांपैकी 72 बरोबर, एवढाच त्याचा अर्थ. आणि 72 का? किती माणसं भरायची आहेत त्यावरून ती रेघ ओढलेली होती. 71 बरोबर असलेला माणूस आग विझवू शकत नाही, असं कुणीच दाखवलेलं नव्हतं. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे बघून आपण किती सहज दबतो!

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. परीक्षा नऊ वेगवेगळ्या बौद्धिक क्षमता मोजते असा शहराचा दावा होता. विरोधी बाजूच्या तज्ज्ञांनी उत्तरपत्रिकांचं विश्लेषण केलं, तर प्रश्न त्या नऊ गटांत पडतच नव्हते. कागदावर नऊ, डेटामध्ये नऊ नाहीत. माझ्या प्रश्नावलीत मी पाच उपघटक लिहिले होते. घटक विश्लेषण केलं तेव्हा जेमतेम दोन निघाले. मी ते पान परिशिष्टात ढकलून दिलं होतं. तुम्ही असं करू नका.

त्या कोर्टांत अशा परीक्षा तपासताना 1980 च्या एका खटल्यातले पाच प्रश्न वापरतात. (तो न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या परीक्षेवरचा होता.) कामाचं विश्लेषण नीट केलं का? परीक्षा बनवणाऱ्यांना परीक्षा बनवता येते का? आशयाचा कामाशी संबंध आहे का? तो आशय कामाचं पुरेसं प्रतिनिधित्व करतो का? आणि गुण देण्याची पद्धत खरोखर योग्य माणसं निवडते का? 'काम' या शब्दाच्या जागी तुमची संकल्पना ठेवा, हे प्रश्न जसेच्या तसे तुमच्या साधनाला लागू होतात. (खटल्याचं पुढे काय झालं? भेदभाव जाणूनबुजून केला, हा नंतरचा निष्कर्ष वरच्या कोर्टाने 2013 मध्ये रद्द करून परत पाठवला. परीक्षांच्या परिणामाबद्दलचा निकाल कायम राहिला. 2014 मध्ये साधारण 98 दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली.)

चौथ्या प्रश्नावर जरा थांबू या, कारण इथे घाई केली की उलटी चूक होते. अमेरिकेत अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉलपैकी निम्म्याहून जास्त वैद्यकीय असतात, आगीचे अगदी थोडे. मग कुणी म्हणेल, शिडी आणि होज सोडा, नाडी तपासता येते का ते बघा. पण 2007 साली केल्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. 1994 ते 2004 या काळात ड्युटीवर मेलेल्या जवानांपैकी हृदयविकाराने गेलेले त्यांनी पाहिले. आग विझवण्यात जवानाचा वर्षाचा 1 ते 5 टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी 32 टक्के त्या वेळात झाले. म्हणजे एखादं काम किती वेळा होतं आणि ते किती महत्त्वाचं आहे, हे वेगवेगळं मोजावं लागतं. प्रतिनिधित्व म्हणजे नुसती मोजदाद नव्हे. आणि तरीही, दिवसभर रुग्णच उचलणाऱ्या माणसाची निवड निव्वळ आगीच्या कामावर करणं मला पटत नाही. घाबरलेल्या म्हातारीशी नीट बोलता येणं हा कामाचा भाग आहे आणि तो यंत्राच्या जिन्यावर दिसत नाही.

आता एक सापळा. तुम्ही म्हणाल, वाद कशाला, परीक्षेतले गुण आणि नोकरीतली कामगिरी यांचा सहसंबंध काढा की! अडचण अशी की कामगिरी फक्त निवडलेल्यांची मिळते. जे नापास झाले ते कधी आगीत गेलेच नाहीत. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पीएच.डी. प्रवेश परीक्षेला चारशे जण बसले, वरचे दहा घेतले. त्या दहांचे गुण 78 ते 83 मध्ये. आता त्यांच्या प्रबंधाचा दर्जा आणि गुण यांचा संबंध काढलात तर तो जवळपास शून्य येऊ शकतो. त्यावरून 'परीक्षा निरुपयोगी' म्हणाल तर चुकाल, कारण 30 गुणवाल्याचं काय झालं असतं ते तुम्हाला माहीतच नाही. याला विस्ताराची मर्यादा म्हणतात. दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण त्यांना सगळ्या अर्जदारांच्या गुणांचा विस्तार लागतो. म्हणून न निवडलेल्यांचा डेटा फेकू नका. आमच्या विभागात तो दरवर्षी रद्दीत जातो.

माझं सांगायचं तर मी प्रश्नावली मागे घेतली आहे. सध्या बारा विद्यार्थ्यांशी बोलतेय, एकेकाशी तासभर, फक्त एवढंच विचारायला की अभ्यासात मन लागलं असं तुम्ही कधी म्हणता. गाईडना वाटतं तीन महिने वाया चाललेत. कालच्या मुलाखतीत एका मुलीने जे सांगितलं त्यासाठी माझ्या जुन्या 40 प्रश्नांत एकही प्रश्न नव्हता. ती म्हणाली, "मॅम, मेसचा डबा गार झाला तरी उठावंसं वाटत नाही, तेव्हा."